जावक क्रमांक पडला, पण पत्र पोचले काय?

बीड जिल्ह्यात दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघालेल्या ट्रकांतून आणि ट्रॅक्टरांतून संसाराबरोबर मुलेही जातात आणि त्यांची शाळा तेथेच थांबते. ही मुले आजी-आजोबांजवळ गावीच राहावीत, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मात्र कोणत्या गावातून किती मुले जाणार, हे टोळ्या निघण्यापूर्वी कळले तरच तिचा उपयोग. काही वर्षांपूर्वी ही माहिती मागविणारे पत्र एका कार्यालयाने शाळांना ई-मेलने धाडले. नोंदवहीत जावक क्रमांक पडला, दिनांक पडला. पंधरा दिवसांनी विचारणा झाली, तेव्हा अनेक मुख्याध्यापकांनी पत्र मिळालेच नसल्याचे सांगितले. वस्तुतः पत्र त्यांच्याच पेटीत होते; परंतु ‘स्पॅम’ नावाच्या, सहसा कोणी न उघडणाऱ्या कप्प्यात. तोवर पुष्कळ बिऱ्हाडे फडावर पोचली होती.

टपालातील पत्र पोचले नाही तर पोस्टमनचा शेरा घेऊन परत येते. स्पॅममध्ये पडलेले पत्र परतही येत नाही. पाठविणारा निर्धास्त असतो आणि घेणारा अनभिज्ञ. म्हणून ही चाळणी काय पाहते, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

चाळणीची गरज का पडली, याचा इतिहास जुना आहे. दिनांक ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकाची जाहिरात एकाच वेळी पाठविली. अनाहूत जाहिरातपत्राचा हा पहिला प्रसंग मानला जातो. गंमत अशी की, छापील निर्देशिकेवरून तयार केलेली ती यादी पत्त्याच्या जागेत मावली नाही आणि उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरात सांडले. पुढे १९८२ मध्ये ई-मेलच्या वाहतुकीचे जे नियम ठरले, त्यांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची काहीच तरतूद नव्हती. आंतरदेशीय पत्राच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार. त्याचा लाभ भामट्यांनी घेतला नसता तरच नवल.

आज ही ओळख तीन प्रकारे पटविली जाते. त्यांची नावे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी आहेत. एसपीएफ म्हणजे ‘आमच्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार या संगणकांनाच आहे’ अशी जाहीर नोंद. डीकेआयएम ही लखोट्यावरील लाखेच्या मोहोरेसारखी खूण होय. वाटेत मजकुरात फेरफार झाल्यास ती जुळत नाही. या तपासण्यांत पत्र उतरले नाही तर त्याचे काय करावे, याची सूचना डीमार्क देते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी हे नियम कडक केले. दिवसाला ५,००० वा त्याहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही आवश्यक आहेत. इतरांनाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवेच. या नोंदी करणे तंत्रज्ञांचे काम आहे. अधिकाऱ्यांनी एवढेच पाहावे की, खात्याच्या नावाने पत्रे पाठविण्याचे काम एखाद्या बाहेरच्या सेवेला दिले असेल, तर तिची नोंद आधी झालेली असावी. ती नसल्यास खरे पत्रही तोतया ठरते.

तथापि ओळख पटली म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. चाळणी पाठविणाऱ्याची पतही पाहते, आणि ती पत ठरते घेणाऱ्यांच्या वागण्यावरून. किती जणांनी पत्र उघडले, किती जणांनी ते ‘स्पॅम’ म्हणून बाजूला सारले, किती पत्ते अस्तित्वातच नव्हते, याचा हिशेब सतत चाललेला असतो. तक्रारींचे प्रमाण हजारामागे तीनपर्यंत जाऊ देऊ नये आणि शक्यतो एकाच्या खाली ठेवावे, अशी गूगलची अपेक्षा आहे. म्हणजे हजार पत्त्यांच्या यादीत तीन माणसे वैतागली तरी उरलेल्यांचे पत्र अडचणीत येऊ शकते! युक्त्याप्रयुक्त्यांनी चाळणी चुकविता येत नाही. यादी नेटकी ठेवणे हाच त्यावरील उपाय आहे.

आणि आपल्या कार्यालयांत सर्वाधिक दुर्लक्ष नेमके यादीकडे होते. ती कोणीतरी कधीतरी तयार केलेली असते आणि टेबलाबरोबर एका लिपिकाकडून दुसऱ्याकडे जाते. सरपंचांची मुदत पाच वर्षांची. शिक्षकांच्या बदल्या होतात. ग्रामसेवक निवृत्त होतात. यादीत मात्र जुनीच माणसे नांदत असतात. निवृत्त झालेल्या गृहस्थांना ग्रामसभेच्या सूचना का याव्यात? ते त्या स्पॅममध्ये टाकतात, यात त्यांचा काय दोष? यास्तव पत्ता शक्यतो पदाचा असावा, व्यक्तीचा नसावा. शाळेचा वा ग्रामपंचायतीचा पत्ता माणूस बदलला तरी बदलत नाही; पदभार देताना किल्ल्यांबरोबर त्याचा परवलीचा शब्दही द्यावा आणि नव्या माणसाने तो लगेच बदलावा.

पत्ता म्हटला की श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे स्मरण होते. केंद्रीय दळणवळण खात्यातील या संस्कृत कवीने योजलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांतील पत्ते यांतून वाट काढण्यासाठी सहा आकडे आले; बीड शहराला ४३११२२ हा क्रमांक मिळाला. पिंपळगावे आणि पिंपऱ्या आपल्याकडे थोड्या नाहीत. ई-मेलच्या यादीतही गावाच्या नावापुढे तालुका आणि शाळेचा यू-डायस क्रमांक असावा, म्हणजे एका पिंपळगावचे पत्र दुसऱ्याला जाणार नाही.

परत आलेली पत्रे न वाचता पुसून टाकण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. परतीच्या सूचनेतील आकडा ५ ने सुरू होत असेल तर दोष कायमचा समजावा. पत्ता चुकीचा असल्यास तो त्याच दिवशी दुरुस्त करावा अथवा काढावा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून बंद करू लागले आहे. जुन्या याद्यांत असे मृत पत्ते आढळतील. शिवाय जीमेलच्या विनामूल्य खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच पत्रे जातात. बीड जिल्ह्यातील ग्रामपंचायती हजाराच्या घरात आहेत. एका बैठकीत सर्वांना पत्र धाडू पाहणाऱ्याचे खाते अर्ध्या वाटेतच थांबते.

सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील असे पत्र पाठविणे हाही एक प्रमाद आहे. एकाने ‘मिळाले’ असे उत्तर सर्वांना दिले की दिवसभर ‘मिळाले, मिळाले’ असा पाऊस पडतो. त्याहून गंभीर बाब ही की, वैयक्तिक पत्ते नको त्या हाती जातात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात लिहावेत.

आता मजकुराविषयी. ‘सोबतचे पत्र पाहावे’ एवढेच लिहून, किंवा काहीच न लिहिता, एक स्कॅन केलेला कागद जोडून देणे ही आपली रूढ पद्धत आहे. दुर्दैवाने विषाणू पसरविणारेही हेच करतात. चाळणीने दोघांत फरक कसा करावा? विषय, मुदत आणि काय करावयाचे ते युनिकोड मराठीत पत्रातच लिहावे, जोडपत्र त्यानंतर. प्रत्येक पत्रावर ‘अतितातडीचे’ असे लिहिल्यास खरोखर तातडीचे पत्र कोणते, हे वाचणाऱ्याला कळेनासे होते. ‘३० सप्टेंबरपर्यंत स्थलांतरित होणाऱ्या मुलांची संख्या कळवावी’ असा विषय पुरेसा बोलका आहे. मुख्याध्यापकांनीही कार्यालयाचा पत्ता आपल्या संपर्कांत जतन करावा, आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडावा आणि तेथे कामाचे पत्र दिसल्यास ‘स्पॅम नाही’ अशी खूण करावी. त्या खुणेचा लाभ यादीतील इतरांनाही होतो.

ज्या कार्यालयाचा वर उल्लेख केला, तेथील जावक नोंदवहीत आता ‘पोचल्याची खात्री’ असा एक रकाना हाताने आखलेला आहे. पत्र गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन शाळांना दूरध्वनी होतो. ज्या शाळेत पत्र स्पॅममध्ये सापडते, तिच्या नावापुढे लाल खूण होते आणि त्या केंद्रातील उरलेल्या शाळांनाही त्याच दिवशी विचारले जाते.