पिवळ्या-तांबड्यात पांढरा पट्टा

कर्नाटकात 1 नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनादिनी, रिक्षांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत फडकणारा पिवळा-तांबडा झेंडा राज्याचा अधिकृत ध्वज नाही. 1960च्या दशकात म. राममूर्ती यांनी तो कन्नड चळवळीसाठी घडवला, रंग हळद-कुंकवाचे. मार्च 2018मध्ये सिद्धरामय्या सरकारने मधे पांढरा पट्टा घातला, त्यावर गंडभेरुंड हा म्हैसूरच्या राजघराण्याचा दुतोंडी पक्षी असलेलं राजचिन्ह बसवलं आणि मंजुरीसाठी ध्वज केंद्राकडे धाडला. काही कन्नड कार्यकर्त्यांनाच हा बदल रुचला नाही. मला तो आवश्यक वाटतो: चळवळीचं निशाण एका बाजूचं असतं, राज्याचं सगळ्यांचं असावं लागतं. बेळगावच्या मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायला नको.

राज्यांना वेगळे झेंडे दिले तर देशाची एकी सैल होईल, हा आक्षेप नेहमीचा. जम्मू-काश्मीरचा नांगर आणि तीन पट्ट्यांचा झेंडा 2019पर्यंत होता, पण त्यामागे कलम 370 होतं, म्हणून तो दाखला इथे पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई खटल्यातल्या 1994च्या निकालात मात्र राज्याने स्वतःचा ध्वज ठेवायला घटनेची मनाई नसल्याचं म्हटलं आहे. अट एवढीच, की त्याने राष्ट्रध्वजाचा अवमान होऊ नये.