जिल्हा परिषदेच्या शाळेतून खाजगी शाळेत जाताना

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यातल्या पालकांनी नव्या शाळेत आधी एकच विचारावं : शाळा अनुदानित की विनाअनुदानित? इमारतीच्या रंगापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत मोफत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचा पोषण आहार सुरू राहतो, विनाअनुदानित शाळेत मात्र डबा घरून न्यावा लागतो.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाचा प्रवेश, दाखल्याला उशीर झाला म्हणून, आठवीपर्यंत अडवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणं आणि देणगी मागणं कलम १३ ने निषिद्ध आहे.

याच कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा कोणत्याही वर्गात मिळतात, हा गैरसमज मात्र हमखास असतो. विनाअनुदानित शाळेतल्या या जागा पहिली किंवा पूर्वप्राथमिक प्रवेशासाठी असतात, पाचवीत किंवा आठवीत नव्याने मिळत नाहीत.

दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख तिथेच, मुख्याध्यापकांसमोर वाचून घ्या. त्यातली चूक दहावीच्या फॉर्मवर सापडली, तर दुरुस्तीसाठी जुन्या शाळेचे खेटे घालावे लागतात.