मालवाहू जहाजांचं युद्ध

प्रशांत महासागरातल्या युद्धाचा विषय निघाला की पर्ल हार्बर, मिडवे आणि हिरोशिमा ही नावं आपसूक पुढे येतात. विमानवाहू नौकांच्या झुंजींवर चित्रपट निघाले, पुस्तकांचे ढीग पडले. पण जपानचा कणा मोडला तो तेल, तांदूळ, कोळसा, बॉक्साइट वाहणारी साधी जहाजं एकामागून एक तळाला गेली म्हणून, असं माझं ठाम मत आहे. ही कहाणी कमी सांगितली जाते, आणि तिची काळी बाजू तर त्याहून कमी.

जपान युद्धात उतरला तोच मुळी तेलासाठी. १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने त्याचं तेल तोडलं. मग डच ईस्ट इंडीजमधली, म्हणजे आजच्या इंडोनेशियातली पालेम्बांग आणि बालिकपापानची तेलक्षेत्रं घ्यायची, असं टोकियोत ठरलं. १९४२च्या पहिल्या काही महिन्यांतच ती हाती आली. पण विहिरी ताब्यात घेणं वेगळं आणि ते तेल हजारो मैल समुद्र ओलांडून मायदेशी आणणं वेगळं. त्यासाठी जपानकडे सुमारे ६० लाख टनांची व्यापारी जहाजं होती. त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था मात्र जवळपास नव्हतीच. सगळ्या जहाजांच्या रक्षणासाठी स्वतंत्र विभाग उभा राहायला नोव्हेंबर १९४३ उजाडावा लागला.

पर्ल हार्बरवर आलेल्या जपानी विमानांनी तिथल्या तेलाच्या टाक्या आणि पाणबुड्यांचा तळ यांना हात लावला नाही. हल्ल्यानंतर काही तासांतच वॉशिंग्टनहून हुकूम सुटला : जपानविरुद्ध विमानं आणि पाणबुड्यांनी कोणतंही बंधन न पाळता लढा. पहिल्या महायुद्धात जर्मनीने हीच पद्धत अवलंबली, तेव्हा अमेरिकेने तिला रानटी ठरवलं होतं आणि १९१७मध्ये युद्धात उतरण्याचं ते एक मोठं कारण होतं.

हुकूम सुटला, पण हत्यारच दगा देत होतं. अमेरिकेचे मार्क १४ जातीचे पाणतीर (टॉर्पेडो) जहाजाखालून निघून जात, वेळेआधी फुटत किंवा जहाजावर आदळूनही फुटत नसत. पाणबुड्यांचे कप्तान तक्रार करत आणि शस्त्रखातं नेमबाजीला दोष देऊन मोकळं होई. जून १९४२मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनीजवळ पाणबुडी दलाचे अधिकारी चार्ल्स लॉकवूड यांनी पाण्यात जाळं लावून चाचणी घेतली. पाणतीर ठरवल्यापेक्षा सुमारे ११ फूट खोल जात होते. ते निस्तरलं, तरी दुखणं संपेना. २४ जुलै १९४३ला ‘टिनोसा’ या पाणबुडीला ‘तोनान मारू क्र. ३’ हे प्रचंड तेलवाहू जहाज गाठता आलं. सुरुवातीच्या माऱ्यात ते जागीच थांबलं. मग कप्तान डॅन डॅस्पिटने अगदी सोयीची, काटकोनातली जागा धरून एकेक पाणतीर सोडला. ते आदळलेले दिसत होते, पण स्फोट काही होईना. पंधरा पाणतीर संपल्यावर त्याने शेवटचा जपून ठेवला आणि पुरावा म्हणून पर्ल हार्बरला परत आणला. तिथे स्फोटक नसलेले पाणतीर क्रेनने ९० फूट उंचीवरून पोलादी पत्र्यावर टाकून बघितले गेले. नेम जितका अचूक, तितकी आतली फायरिंग पिन वाकण्याची शक्यता जास्त, असं निघालं! दोष दूर व्हायला सप्टेंबर १९४३ उजाडला. युद्धाची जवळजवळ दोन वर्षं गेली होती.

त्यानंतर मात्र जपानची धडगत नव्हती. जपानी ताफे दुपारी बारा वाजता आपण कुठे असू हे सांकेतिक भाषेत कळवत आणि अमेरिकन लोक ते वाचत. याच हेरगिरीने ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा घात केला. एप्रिल १९४३मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून हिंदी महासागरात आले आणि पुढचा प्रवास त्यांनी जिच्यातून केला, ती हीच. जुलै १९४४मध्ये फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवलं. आकाशातूनही घाव पडतच होते. फेब्रुवारी १९४४मध्ये ट्रुकच्या जपानी नाविक तळावर दोन दिवसांत सुमारे दोन लाख टनांची जहाजं गेली.

या यशाची एक रात्र मला कधीच बाजूला ठेवता येत नाही. सायपान बेट अमेरिकेच्या हाती पडल्यावर ओकिनावाची पाळी येणार हे दिसत होतं, म्हणून तिथली शाळकरी मुलं क्यूशूला हलवायला सुरुवात झाली. २२ ऑगस्ट १९४४च्या रात्री मुलांनी भरलेलं ‘त्सुशिमा मारू’ हे जुनं मालवाहू जहाज ‘बोफिन’ पाणबुडीने बुडवलं. आत कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं. सुमारे १,५०० माणसं गेली, त्यांत ७८०च्या आसपास शाळकरी मुलं. वाचलेल्यांना तोंड बंद ठेवण्याची सक्त ताकीद मिळाली. ओकिनावातल्या नाहामध्ये त्या मुलांचं संग्रहालय व्हायला २००४ साल लागलं. ‘बोफिन’ पर्ल हार्बरला दिमाखात उभी आहे. दोन्ही ठिकाणं एकाच कहाणीची आहेत आणि एक पाहून दुसरं विसरणं मला अन्यायाचं वाटतं. अमेरिकेनेही मोल दिलं : ५२ पाणबुड्या आणि सुमारे ३,५०० खलाशी, पाणबुडी दलातला दर पाचांत एकाहून अधिक. नौदलाचे दोन टक्केही नसलेल्या या लोकांनी जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून जास्त बुडवली.

मार्च १९४५पासून टिनियन बेटावरची बी-२९ विमानं रात्री शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत आणि बंदरांत सुरुंग पेरू लागली. मोहिमेचं नावच ‘उपासमार’ होतं. एकूण सुमारे १२,००० सुरुंग पडले. काही चुंबकाने, काही आवाजाने, काही पाण्याच्या दाबाने फुटत. काहींत ठरावीक जहाजं जाऊ देऊन मगच फुटणारी मोजणी होती, म्हणजे मार्ग साफ झाला असं मानणं जोखमीचं. जुलैमध्ये विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी आओमोरी-हाकोदाते मार्गावरच्या रेल्वे-बोटी बुडवल्या आणि होक्काइदोचा कोळसा अडकला.

ऑगस्टमध्ये शरणागती आली, पण पाण्यातल्या सुरुंगांना ती कोण कळवणार? ते काढायचं काम जपानच्याच जुन्या नौसैनिकांच्या माथी आलं आणि कित्येक वर्षं चाललं. ऑक्टोबर १९५०मध्ये अमेरिकेच्या सांगण्यावरून सुरुंग काढणाऱ्या यातल्या काही बोटी कोरियन युद्धात वोन्सानजवळ गेल्या. तिथे एक बोट सुरुंगावर जाऊन फुटली आणि एक जपानी खलाशी दगावला. त्याच्या मृत्यूची खरी हकीकतही सरकारने दीर्घकाळ दडवून ठेवली.