मुलांसह मालदीव : सूर्यास्ताचे गणित आधी मांडा

बंगळुरूहून मालदीवची राजधानी माले विमानाने सुमारे दोन तासांवर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतील मराठी कुटुंबांपुढे खरा प्रश्न उभा राहतो, तो मालेहून पुढील बेटावर जाताना.

दूरच्या बेटांवर नेणारी सी-प्लेन केवळ दिवसाउजेडी उडतात. पाण्यावर उतरताना वैमानिकाला लाटा आणि होड्या डोळ्यांनी दिसणे आवश्यक असते. माले गाठण्यास सायंकाळ झाली, तर मुलांसह रात्र तेथेच काढावी लागते. इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या दक्षिणेला, तर विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीजवळ आहे. त्यामुळे सकाळचे विमान निवडून घरून पहाटेपूर्वीच निघणे श्रेयस्कर.

जवळच्या बेटांसाठी फेरीबोट स्वस्त पडते. मात्र नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळतो. अशा वेळी मुलांना बोटीच्या मध्यभागी बसवावे आणि आधी हलकाच आहार द्यावा.

दोन्ही प्रवासांत मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे ना, याची निघण्यापूर्वीच खात्री करावी. सी-प्लेनमधील जाकीट मात्र विमानाच्या आत फुगवू नये. आत पाणी शिरल्यास फुगलेले जाकीट माणसाला छताकडे ढकलते आणि दारापर्यंत पोहोचणे कठीण होते. ही गोष्ट मुलांना घरीच समजावून सांगावी.