उत्तर आलं कुठून?

गुगलवर प्रश्न टाकला की आता पहिल्याच जागी यंत्राने जुळवलेलं तयार उत्तर येतं, आणि बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. मग कोश, गॅझेटियर, जुन्या ग्रंथांची संकेतस्थळं कशाला धुंडाळायची, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न गैर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, संदर्भाच्या स्थळाची किंमत ते उत्तर किती लवकर देतं यावर ठरत नाही. ते उत्तर कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे दिलं हे कळतं की नाही, यावर ठरते. आपल्या राष्ट्रगीताला ‘युनेस्को’ने जगात सर्वोत्तम ठरवल्याचा निरोप कित्येक वर्षं मोबाइलवर फिरतो आहे. ‘युनेस्को’ने असं काही ठरवलेलं नाही, हा खुलासा होऊनही तो थांबत नाही. त्या निरोपात ठरावाची तारीख नाही, कागद नाही, सही नाही. ज्या माहितीचा मागच लागत नाही ती खोडून काढणंही अवघड जातं.

याच्या उलट टोकाला मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत हे काम उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज सगळे खंड घरबसल्या, फुकट वाचता येतात. यातली कुठलीही मोठी नोंद उघडून थेट तळाशी जा. तिथे आधाराला घेतलेल्या ग्रंथांची यादी असते आणि नोंद लिहिणाऱ्याचं नाव असतं. गावाची लोकसंख्या दिली असेल तर शेजारी कंसात जनगणनेचं साल असतं. ‘पण हा कोश आता जुना झाला’ अशी तक्रार हमखास ऐकू येते. ती खरीच आहे. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ मध्ये वगळलं, त्यामुळे त्याआधी छापलेल्या कोणत्याही कोशात तो ग्रहच असणार. मात्र साल समोर असलं की वाचकाला सावध होता येतं. बिनतारखेची शिळी माहिती ताजी म्हणून खपते, धोका तिथे आहे. विश्वकोश मंडळाने विषयवार नेमलेल्या ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदीही सुरू केल्या आहेत, त्या जुन्या खंडांच्या जोडीने वाचाव्यात.

आपल्या गावाची, तालुक्याची चौकशी करणाऱ्याला गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहितीची पुस्तकं, याइतकी श्रीमंत जागा दुसरी नाही. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे खंड ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर जसेच्या तसे, पानांच्या छायाप्रतींसह आहेत. ठाण्याचा पहिला भाग १८८२चा, कुलाब्याचा खंड १८८३चा, पुणे आणि सातारा १८८५चे. प्रत्येक जिल्ह्याच्या खंडांत पिकं, व्यापार, जमीनमहसूल अशी प्रकरणं आहेत आणि शेवटी गावांच्या वर्णानुक्रमे नोंदी. बंदरात काय उतरत होतं, आठवडी बाजार कुठल्या वारी भरे, देवळाला इनाम किती होतं, असा तपशील तिथे सापडतो. शोधताना थोडी वाकडी वाट धरावी लागते. रायगड जिल्हा म्हणून काही मिळणार नाही, कारण हे नाव १९८१ मध्ये आलं. तिथे कुलाबाच शोधायला हवा. मराठवाडा तेव्हा निजामाकडे आणि विदर्भ वेगळ्या प्रशासनाखाली, म्हणून हे दोन्ही भाग मुंबईच्या खंडांत नाहीत. तिथल्या वाचकाने शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक संकेतस्थळाकडे वळावं. ‘इम्पीरियल गॅझेटियर’चे २६ खंड तिथे आहेत. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे, आणि प्रत्येक अर्थाबरोबर मूळ ग्रंथातला पृष्ठक्रमांक मिळतो.

गॅझेटियरवरचा वजनदार आक्षेप असा, की ही पुस्तकं ब्रिटिश राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी लिहवून घेतली होती. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा कायदा याच राजवटीचा. जातींची वर्णनं करताना साहेबाचा पूर्वग्रह पानोपानी डोकावतो, आणि ती वर्णनं आजच्या माणसांना चिकटवणं अन्यायाचं आहे. पण रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तोही याच गॅझेटियरसाठी. कोणतं प्रकरण कुणाच्या हातचं आहे हे कळलं, तर एकाला मान देता येतो आणि दुसऱ्याला प्रश्न विचारता येतो. पान समोर नसेल तर दोन्ही अशक्य.

विकिपीडियाबद्दलचा आक्षेप वेगळा: तिथे कुणीही काहीही लिहितं. होय, लिहितं; आणि मराठी विकिपीडियावर कितीतरी लेख चार ओळींचे, संदर्भाविना पडून आहेत. तरीही लेखाच्या माथ्यावरचं ‘इतिहास पहा’ उघडून बघा. पहिल्या ओळीपासून झालेला प्रत्येक बदल तारीख-वेळेसह तिथे नोंदलेला असतो, आणि दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून कोणतं वाक्य कधी घुसलं हे पाहता येतं. हीच सोय बाकीच्या संकेतस्थळांसाठी ‘वेबॅक मशीन’ करतं. २००१ पासून ते सर्वांना खुलं आहे. एखाद्या कार्यालयाने परिपत्रक काढून टाकलं, बातमीचा मथळा गुपचूप बदलला, तर जुनं पान तिथे सापडण्याची शक्यता असते. महत्त्वाचं पान आपणही तिथे जपून ठेवू शकतो.

एवढा वेळ आहे कुणाकडे? उद्या पाऊस पडेल का, गाडी किती वाजता सुटते, यासाठी कुणी मुळाशी जाऊ नये. पण जे आपण दुसऱ्याला सांगणार, छापणार, मुलांना शिकवणार किंवा ज्यावरून भांडणार, त्यासाठी दहा मिनिटं काढलीच पाहिजेत. इंग्रजीची अडचण मात्र मला खरी वाटते. गॅझेटियर इंग्रजीत आहेत आणि ज्याला इंग्रजी जमत नाही त्याच्यापुढे मोठा ठेवा बंद राहतो. ती अडचण कमी करणारं एक काम चालू आहे. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली मराठी पुस्तकं चढवली जातात. पडद्याच्या एका बाजूला जुन्या पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. एकाने तो मूळ पानाशी ताडून पाहिला की पानाचा रंग पिवळा होतो, दुसऱ्याने पुन्हा तपासला की हिरवा. तिथे तपासणीवाचून पडलेली पानं खूप आहेत आणि हात कमी. मराठी नीट वाचता येणाऱ्या कुणालाही हे काम करता येतं. एखाद्या सुट्टीत एक तरी पान तपासून द्या.