अ‍ॅपमधली मराठी कुठे हरवते?

अँड्रॉइड अ‍ॅपमधली वाक्यं शहाणा प्रोग्रॅमर कोडमध्ये लिहीत नाही. मूळ मजकूर ‘व्हॅल्यूज’ फोल्डरमध्ये, मराठी ‘व्हॅल्यूज-एमआर’मध्ये. मराठी फाइलीत एखादं वाक्य राहून गेलं, तर फोन मुकाट्याने मूळ भाषेतलं दाखवतो. अर्धा पडदा मराठी, अर्धा इंग्रजी दिसतो तो त्यामुळे.

खरी मेख पुढेच आहे. ऑगस्ट २०२१ पासून गूगल प्लेवर नव्या अ‍ॅपला ‘अ‍ॅप बंडल’ सक्तीचं आहे. यात स्टोअर फोनच्या सेटिंगमधल्या भाषांच्याच फाइली पाठवतं, त्यामुळे डाउनलोड हलकं होतं. पण समजा, विरारच्या फुलपाड्यातल्या एखाद्या दुकानदाराचा फोन इंग्रजीत आहे आणि अ‍ॅपमध्ये त्याने ‘मराठी’वर बोट ठेवलं. मराठी फाइल फोनवर आलेलीच नसते. पडदा इंग्रजीच राहतो. यावर एकतर भाषा निवडताक्षणी ती फाइल उतरवून घेण्याची सोय करावी लागते, नाहीतर ग्रेडलच्या बिल्ड फाइलीत भाषांची विभागणी बंद करावी लागते. दुसरा मार्ग सोपा, आणि मजकूर थोडा असेल तर तोच बरा.

आकड्यांकडेही लक्ष हवं. फोन मराठीत असला की अँड्रॉइड आकडे देवनागरीत मांडतं. वाचायला ते छानच. पण ‘५००’ तसाच सर्व्हरकडे गेला, तर व्यवहार अडकू शकतो.

मराठी अ‍ॅप बाजारात आणण्याआधी फोन इंग्रजीत ठेवा, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच उतरवा आणि मगच मराठी निवडून पाहा.