करंगळीतील लोखंड

भुसावळ-बडनेरा लोहमार्गावर शेगावी उतरून जो कोणी श्रीगजानन महाराजांच्या समाधिमंदिराकडे जातो, त्याला महाराजांच्या आधी सेवेकऱ्याचे दर्शन घडते. शुभ्र पोशाखातला, गावाकडे कदाचित चांगली शेतीवाडी असलेला तो गृहस्थ आपल्या धुळीने माखलेल्या वहाणा हाती घेतो, आपल्याला ‘माउली’ म्हणतो, आणि या कामाचा छदामही घेत नाही. याच गावात १९८३ साली महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील यांची दृष्टी त्याच्या उभारणीमागे होती. म्हणूनच एक प्रश्न मला शेगावी हटकून पडतो : आपण कोणाचे चाकर हे सेवेकऱ्याला पहिल्या दिवशी कळते; पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अभियंत्याला ते कोण सांगतो, आणि कोणत्या क्षणी?

वैद्यकाला हा प्रश्न फार प्राचीन काळी सुचला. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला अग्नीच्या साक्षीने अटी घालतो, आणि रोग्याच्या घरातील गुपित बाहेर न फोडण्याची अटही त्यांत आहे. डॉक्टर आणि वकील यांची नावे परिषदेच्या नोंदवहीत चढतात व गैरवर्तनाबद्दल तेथून खोडलीही जातात. अभियंत्याच्या हाती मात्र विद्यापीठाची सनद पडते, झगा परत केला जातो, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीच्या दरखास्ती लिहावयास बसतो. १९२० साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ची आचारसंहिता आहे, हे खरे, परंतु छापील संहिता वाचणे निराळे आणि चार वडीलधाऱ्यांसमोर स्वमुखाने शब्द देणे निराळे.

कॅनडात हा शब्द गेली शंभर वर्षे दिला जात आहे. टोरांटोचे प्राध्यापक हॉल्टेन यांनी १९२२ साली माँट्रियल येथे ही कल्पना अभियंत्यांपुढे मांडली आणि संहिता लिहून देण्याची विनंती रुडयार्ड किपलिंगला केली. हा कवी आपल्या मुंबईतच, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मला होता. २५ एप्रिल १९२५ रोजी पहिला विधी झाला. स्नातक थंड लोखंडावर हात ठेवून प्रतिज्ञा उच्चारतो, आणि ज्या हाताने लिहितो त्या हाताच्या करंगळीत एक लोखंडी कडी घालतो. आरंभीच्या कड्या टोरांटोच्या इस्पितळात उपचार घेणाऱ्या, युद्धातून परतलेल्या सैनिकांनी घडविल्या. कडीला सोन्याची झळाळी नसते, तिचा पृष्ठभाग ओबडधोबड ठोकलेला असतो. आराखड्यावर हात फिरू लागला की ती कागदाला घासते, आणि त्या घासण्यातच तिचे सारे प्रयोजन आहे.

क्वेबेकच्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडातून या कड्या घडविल्या, अशी एक आख्यायिका आहे; ती खरी नव्हे. पण तो पूल विसरता येत नाही. गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेला, तरी पुलाचे स्वतःचे वजन नव्याने हिशेबात धरले नाही. खालच्या पट्ट्या वाकू लागल्या तेव्हा जागेवरचा तरुण अभियंता विचारणा करण्यासाठी न्यूयॉर्कला धावला. तेथील वृद्ध सल्लागाराने अधिक भार घालू नये अशी तार केली, पण ती पुलावर न जाता कारखान्याच्या कचेरीत गेली. त्याच दिवशी, २९ ऑगस्ट १९०७ रोजी, कामाची वेळ संपता संपता पूल नदीत गेला आणि ७५ कामगार मेले. वाकलेली पट्टी सर्वांना दिसत होती. काम थांबविण्याचा अधिकार आपला आहे, असे जागेवरच्या एकालाही वाटले नाही. प्रतिज्ञा हवी ती या क्षणासाठी.

आणि असे क्षण शोधण्यासाठी आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे थोर विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्याच खडकवासल्याची भिंत १२ जुलै १९६१ रोजी फुटली. वरचे पानशेत धरण अपुरे असताना पावसाळ्याचे पाणी त्यात साठू दिले गेले, विसर्ग-मोरीवरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी पानशेत गेले, आणि दुपारपर्यंत पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीत होते. पुढील एप्रिलमध्ये ते निवर्तले. त्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन पाळतो. हार घालतो, भाषणे करतो. पानशेतचे नाव त्या व्यासपीठावरून उच्चारले गेले तर त्या थोर पुरुषाचा अवमान होईल, असे मला मुळीच वाटत नाही.

विधी आपल्याकडे नाहीत असेही नाही. खंडेनवमीला कारखान्यात लेथ पुसून त्याला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, आणि त्या एका दिवशी यंत्र बंद ठेवून मिस्त्री त्याला हात जोडतो. मुद्दा असा की, हत्याराला नमस्कार करण्याची रीत आपल्या हाडीमाशी आहे; हत्यार चालविणाऱ्याने शब्द देण्याची रीत तेवढी जोडावयाची आहे.

माझी तजवीज साधी आहे. अखेरच्या वर्षाच्या खंडेनवमीला, शेगावच्या महाविद्यालयाच्या वर्कशॉपात, पूजा झाल्यावर विद्यार्थ्याने ऐरणीवर हात ठेवून मराठीत तीन वाक्ये बोलावीत : हिशेब खोटा लिहिणार नाही, धोका दिसला तर वरिष्ठांना लेखी कळवीन, आणि माझ्या हातात असेल तेथे काम थांबवीन. कडी हवीच असे नाही. साक्षीला मंत्री नकोत, कारखानदार नकोत. १९६१ साली आठ-दहा वर्षांचा असलेला, आईचा हात धरून वरच्या पेठेकडे पळालेला एखादा पुणेकर अजून आपल्यात आहे. त्याला शेगावी बोलवावे, सेवेकऱ्याशेजारी खुर्ची द्यावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपले शब्द त्याच्या तोंडाकडे पाहून उच्चारावेत.